लॅपटॉपची किरकिर: येते कुठून आणि थांबवायची कशी

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत सीझन सुरू होतो. पोरं पुण्या-नाशिकला कॉलेजात निघणार असतात, त्याआधी लॅपटॉप घ्यायचा असतो. मग काही दिवसांनी त्यातलीच काही पोरं डबा घेऊन दुकानात परत येतात. तक्रार ठरलेली: रात्री सगळं शांत झालं की लॅपटॉपमधून बारीक ‘चींऽऽ’ ऐकू येते. गाणं लावलेलं नाही, पंखा फिरत नाही, तरी आवाज चालूच. दुकानदार लॅपटॉप कानाला लावून बघतो. बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारी झेरॉक्सचं मशीन. त्याला काय ऐकू येणार? “नॉर्मल आहे, वापर बिनधास्त,” म्हणून तो पोराला वाटेला लावतो. घरी येऊन पोरगं यूट्यूब उघडतं. तिथे एक जण सांगतो मदरबोर्ड जाणार, दुसरा सांगतो फेविक्विकचा थेंब टाक.

आवाज खरा असतो. लॅपटॉपही बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आणि आपल्या भागात या प्रकरणात घरातली वीजही तोंड घालते, त्यामुळे दोष लॅपटॉपचा की इन्व्हर्टरचा हे कळायला वेळ लागतो. म्हणून दुरुस्तीवाल्याच्या हातात पैसे ठेवण्याआधी हा आवाज तयार कसा होतो ते पाहू.

## वीज आवाज कसा करते?

गल्लीतल्या डीपीजवळ रात्री थांबलात तर घुमल्यासारखा आवाज येतो. डीपीत फिरणारं काहीच नसतं. आत लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. आपल्या विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, आणि प्रत्येक फेरीत चुंबकत्वामुळे ते लोखंड दोनदा किंचित ताणलं जातं. म्हणजे सेकंदाला १०० थरथरी. सेकंदाला किती थरथरी, हे मोजायचं माप म्हणजे हर्ट्झ. डीपीचा आवाज मुख्यतः १०० हर्ट्झचा. चुंबकत्वाने लोखंडाची लांबी बदलते हे जेम्स ज्यूलने १८४२ मध्येच दाखवलं होतं. जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणायचा, तोही याच कारणाने.

लॅपटॉपच्या आतही तारांची अशी वेटोळी असतात, फक्त फार लहान. बॅटरी देते बहुधा ११ ते १५ व्होल्ट, ॲडॉप्टर देतो १९-२० व्होल्ट, आणि प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्ट, पण करंट भरपूर. हा दाब उतरवण्यासाठी प्रोसेसरभोवती काही मिलिमीटरचे करडे चौकोनी ठोकळे ओळीने बसवलेले असतात. त्या प्रत्येकात एक कॉइल असते. करंट कमीजास्त झाला की चुंबकी ओढ कमीजास्त होते, आणि कॉइल थरथरते. या आवाजाला जगभर ‘कॉइल व्हाइन’ म्हणतात.

नाव कॉइलचं असलं तरी पुष्कळदा करणारा दुसराच असतो. बोर्डावर शेकडो बारीक सिरॅमिक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे भाग) असतात, मिठाच्या खड्यापासून तांदळाच्या दाण्यापर्यंतच्या मापाचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात बेरियम टायटनेट नावाचा पदार्थ असतो. त्याला विजेचा दाब दिला की त्याचा आकार सूक्ष्म बदलतो. काही स्फटिक दाबले की वीज तयार होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. त्याची उलटी बाजूही खरी निघाली. एकटा कपॅसिटर इतका लहान की त्याचा आवाज कानापर्यंत यायचा नाही. पण तो ज्या बोर्डावर डाग देऊन पक्का केलेला असतो, तो बोर्ड त्याच्याबरोबर लवतो, आणि मग अख्खा बोर्ड वाजतो.

## काम नसताना जास्त का वाजतं?

तक्रार करणाऱ्यांना सगळ्यात कोड्यात टाकणारी गोष्ट ही. जड सॉफ्टवेअर चालू असताना लॅपटॉप गप्प, आणि नुसतं पान वाचत बसलो की किरकिर. पान खाली सरकवलं की सूर बदलतो, बोट उचललं की परत पहिला.

इथे गावच्या वॉलमनचं उदाहरण घेऊ. समजा टाकीतली पाण्याची पातळी कायम एकसारखी ठेवायचं काम त्याच्याकडे आहे. सगळ्या गावाचे नळ चालू असतात तेव्हा तो व्हॉल्व्हवरून हात काढतच नाही. उघड-बंद, उघड-बंद, इतक्या झपाट्याने की वेगवेगळे ठोके ऐकूच येत नाहीत. रात्री कुणी पाणी घेत नाही. मग तो एकदा थोडं सोडतो आणि निवांत बसतो. पातळी जरा उतरली की उठतो, पुन्हा थोडं सोडतो. आता त्याचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो.

लॅपटॉपमधला दाब उतरवणारा सर्किटचा भाग हेच करतो. प्रोसेसर कामात असताना तो सेकंदाला काही लाख वेळा उघड-बंद होतो. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्यामुळे ही उघडझाप आपल्या कानाच्या पलीकडे राहते. प्रोसेसर निवांत झाला की वीज वाचवण्यासाठी मधले ठोके गाळले जातात. मग विजेचे झटके सेकंदाला काही हजार एवढेच उरतात, आणि ते बरोबर आपल्या कानाच्या टप्प्यात येतात. शिवाय प्रोसेसर स्वतःही फुरसत मिळाली की डुलकी घेतो आणि सेकंदाला शेकडो-हजारो वेळा जागा होतो. प्रत्येक जागेपणी करंटचा धक्का बसतो.

याचा एक मासलेवाईक दाखला लिनक्समध्ये (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) सापडतो. लिनक्सच्या २.६ आवृत्तीत प्रोसेसरला ठरावीक वेळाने उठवणारी टिकटिक सेकंदाला १०० वरून १,००० वर नेली. लगेच काही लॅपटॉप नेमक्या १,००० हर्ट्झच्या सुरात गाऊ लागले. यंत्र तेच, स्क्रू तेच, बदलला होता फक्त सॉफ्टवेअरमधला एक आकडा. २००५ मध्ये तो २५० वर आणला गेला, आणि २००७ मध्ये काम नसताना टिकटिकच थांबवायची सोय झाली. आवाज ‘पार्ट खराब’ असल्यामुळेच येतो, असं छातीठोक सांगणाऱ्याला हा किस्सा जरूर ऐकवावा.

उलट प्रकारही असतो. गेम खेळताना, त्यातही गेमच्या मेनूवर थांबलेलं असताना, ग्राफिक्स कार्ड जोरात किंचाळतं. मेनूत चितारायला फारसं काही नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं फुकट काढत सुटतं आणि त्याच ठेक्यात कॉइल वाजते. गेमच्या सेटिंगमध्ये ‘व्ही-सिंक’ चालू केलं किंवा चित्रांची मर्यादा ६० केली की बहुतेक वेळा तोंड बंद.

## पोराला ऐकू येतं, बापाला नाही

घरात यावरून वाद ठरलेला. पोरगं म्हणतं कान किटले, आणि आजी म्हणते, “माले ते काहीच ऐकू येत नही.” दोघंही खरं बोलतात. वय वाढतं तशी बारीक सुरांची श्रवणशक्ती आधी जाते. पन्नाशीत बऱ्याच जणांना १२-१३ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही; सोळा वर्षांच्या पोराला येतं.

ज्यांचं बालपण डब्यासारख्या टीव्हीसमोर गेलं, त्यांनी आठवून बघावं. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असला तरी शेजारच्या खोलीत टीव्ही चालू आहे हे लहान पोरांना कळायचं. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला की १५,६२५. त्या टीव्हीतली एक कॉइल नेमकी या सुरात वाजायची. तेव्हाही मोठ्यांना ती ऐकू येत नव्हती, फक्त तेव्हा कुणी टीव्ही परत करायला जात नसे.

म्हणून काउंटरवरच्या पन्नाशीच्या माणसाला ‘ऐका, येतोय ना?’ असं विचारण्यात अर्थ नाही. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला सूर किती जोरात आहे याचा आलेख, दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या. फोनचा माइक लॅपटॉपजवळ धरला की ज्या सुरात आवाज आहे तिथे उभी रेघ दिसते. ऐकू न येणाऱ्यालाही ती दिसते. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर मात्र विसंबू नका, त्यात असे बारीक सूर बहुतेकदा गाळले जातात.

## आधी मूळ शोधा

रात्री पंखा बंद करा (मे महिन्यात हे सांगणं सोपं, करणं कठीण) आणि लॅपटॉपचा आवाज म्यूट करा. म्यूट केल्यावर चीं थांबली, तर ती स्पीकरमधून येत होती. ती भानगड वेगळी, पुढच्या भागात येते.

थांबली नाही तर चार्जर काढा. चार्जर काढताच बंद झाली, तर कान थेट ॲडॉप्टरजवळ न्या. कधीकधी लॅपटॉप बिचारा गप्प असतो आणि टेबलाखालचा काळा डबा वाजत असतो. मग स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करा. अनेक स्क्रीन उजेड कमी करण्यासाठी दिवे फार वेगाने लावतात-विझवतात. उजेडाबरोबर सूर बदलला किंवा उजेड पूर्ण केल्यावर गेला, तर मूळ तिथे आहे, आणि उपाय म्हणजे ज्या टक्क्यावर आवाज नाही तिथे उजेड ठेवणं. यापैकी काहीच नसेल तर एखादा जड व्हिडिओ लावून बघा. काम वाढताच आवाज गेला, तर तो वर सांगितलेला वॉलमनच.

आवाज नेमका कुठल्या कोपऱ्यातून येतो ते बघायला कागदाची सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं कीबोर्डवरून फिरवा. हसू येईल, पण जागा बोटभर अंतरापर्यंत कळते. आणि लॅपटॉप पूर्ण बंद केल्यावरही कानात चीं येतच राहिली, तर लॅपटॉप सोडून कानाच्या डॉक्टरांकडे जा.

## आपल्याकडची वीज आणि इन्व्हर्टर

शहरातल्या सल्ल्यांत हा भाग क्वचित येतो, आणि खान्देशात तर निम्मी भांडणं इथेच मिटतात असं माझं मत आहे.

लाइट गेली, इन्व्हर्टर चालू झाला, आणि त्याच क्षणी छताचा पंखा घुरघुरायला लागला, तर तुमचा इन्व्हर्टर ‘स्क्वेअर वेव्ह’ आहे. महावितरणची वीज सावकाश चढते-उतरते. स्वस्त इन्व्हर्टरची वीज एकदम वर, एकदम खाली अशी उड्या मारत येते. पंखा ज्या कारणाने घुरघुरतो, त्याच कारणाने ॲडॉप्टरही चरचरतो. ॲडॉप्टर आपलं काम करतो, लॅपटॉप चार्जही होतो, पण आवाज येतो आणि ॲडॉप्टर जास्त तापू शकतो. लाइट आल्यावर आवाज गेला तर लॅपटॉप निर्दोष. पुढचा इन्व्हर्टर घेताना ‘प्युअर साइन वेव्ह’ मागा. महाग पडतो, पण घरात लॅपटॉप, वायफाय, फ्रीज असेल तर तेवढे पैसे सार्थकी लागतात. तोवर लाइट गेल्यावर चार्जर काढून बॅटरीवर काम करणं हा बिनखर्चाचा उपाय.

दुसरी गोष्ट अर्थिंग. लॅपटॉप चार्जिंगला आहे, अंग धातूचं आहे, आणि त्यावर हात हलकेच फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं. हा अनुभव कित्येकांना आहे. ॲडॉप्टरच्या आत विजेचा कचरा गाळायला एक खास कपॅसिटर असतो, त्यातून अगदी किंचित करंट लॅपटॉपच्या अंगावर येतो. तीन पिनी प्लग आणि नीट अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो. प्लग दोन पिनी असेल, किंवा बोर्डाच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नसेल, तर त्याला जायला वाट नाही. जुन्या घरांत ही वायर नसणं फार सर्रास आहे. आणि जिथे ती आहे तिथेही उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला गेला, काळी माती भेगाळली, की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीशी संपर्क तुटल्यासारखा होतो. जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता असं सांगतात, ते उगाच नाही.

आता स्पीकरमधल्या आवाजाकडे येऊ. गणेश मंडळात किंवा शाळेच्या गॅदरिंगला लॅपटॉप मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडला की जी घरघर सुरू होते, माउस हलवला की जी चिरचिर येते, तिचा कॉइलशी संबंध नाही. लॅपटॉप एका बोर्डातून आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डातून वीज घेतो. दोघांच्या अर्थमध्ये फरक पडतो, आणि तो फरक ऑडिओच्या वायरमधून वाहू लागतो. चार्जर काढून बघा. घरघर गेली तर निदान पक्कं. मग दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डातून वीज द्या, किंवा ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मध्ये लावा. ब्लूटूथने जोडलं तर वायरच नाही, म्हणून हा त्रासही नाही. काही बहाद्दर घरघर घालवायला प्लगची अर्थची पिन मोडतात. घरघर जाते, पण उद्या ॲम्प्लिफायरच्या अंगावर वीज उतरली तर तिला जायला माईक धरणाऱ्या माणसाशिवाय दुसरी वाट राहत नाही.

## सेटिंगमध्ये काय बदलायचं?

आवाज निवांतपणी येत असेल तर प्रोसेसरला फार गाढ झोपू न देणं, हा उपाय. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्ड सेटिंगखाली, ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ असतं. ते बहुधा ५ टक्के असतं. ते पायरीपायरीने वाढवत जा आणि आवाज जातो का बघा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. काहींच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘सी-स्टेट’ नावाने झोपेच्या पायऱ्या दिसतात. खोल पायऱ्या बंद केल्या की कित्येकदा किरकिर पूर्ण थांबते.

हे फुकट मिळत नाही. प्रोसेसर जागा राहिला की बॅटरी लवकर उतरते आणि लॅपटॉप तापतो, आणि भुसावळच्या मे महिन्यात आधीच तापलेल्या खोलीत तो आणखी तापवणं शहाणपणाचं नाही. म्हणून मी हा बदल रात्री, चार्जर लावून अभ्यास करण्यापुरताच करायला सांगेन. त्यासाठी वेगळा पॉवर प्लॅन बनवून ठेवता येतो.

आवाज जड कामात येत असेल तर उलट करा: ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के ठेवा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण त्याने बहुतेक प्रोसेसर टर्बोचा जादा वेग घेणं बंद करतात. करंटचे मोठे धक्के कमी होतात, गरमीही उतरते. उन्हाळ्यात तर आवाज असो-नसो, हे करून बघण्यासारखं आहे. लेखन, ब्राउझिंग, ऑनलाइन वर्गात फरक फारसा जाणवत नाही.

## हा आवाज धोक्याचा आहे का?

कॉइलची चीं म्हणजे लॅपटॉप मरायला टेकला, असं नाही. वर्षानुवर्षं तशीच वाजत राहणारी यंत्रं आहेत. त्यातून काही किरणं निघतात हीही अफवाच. तो साधा हवेतला आवाज आहे. कानाला इजा व्हायला आवाज मोठा लागतो. आठ तास सतत ऐकायचा तर ८५ डेसिबलच्या पुढे धोका धरतात. लॅपटॉपची किरकिर त्याच्या आसपासही नसते. लग्नातल्या डीजेसमोर दोन तास नाचून आलेल्याने कॉइल व्हाइनने कान जाईल म्हणून घाबरावं, हे जरा जास्तच झालं. पण ज्याला ऐकू येते त्याचं लक्ष लागत नाही, डोकं ठणकतं, हे खरं आहे. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये.

खरे घाबरायचे आवाज वेगळे. जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्... टक्...’ येत असेल तर आत्ताच्या आत्ता फोटो आणि प्रोजेक्ट दुसरीकडे कॉपी करा. चार्जरमधून चटचट येत असेल, जळका वास असेल, तर स्विच बंद करून मगच प्लग काढा, आणि तो चार्जर पुन्हा लावू नका. घरघर, खरखर आणि त्यासोबत गरमी म्हणजे पंख्यात धूळ, आणि आपल्याकडे ती दरवर्षी भरते. टचपॅड वर उचलल्यासारखं दिसत असेल तर आवाज नसतानाही बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करून थेट दुरुस्तीला न्या.

आणि तो फेविक्विक? जुन्या काळच्या उघड्या कॉइलला लाख किंवा गोंद देऊन तारा घट्ट करत, त्यातून ही कल्पना आली. आजच्या लॅपटॉपच्या कॉइल कारखान्यातूनच बंद ठोकळ्यात येतात. वरून थेंब टाकून आतली तार थांबत नाही, आणि वाजणारा कपॅसिटर असेल तर तुम्ही भलत्याच ठिकाणी मलम लावताय. वर वॉरंटी गेली ती गेलीच.

## “नॉर्मल आहे” म्हटल्यावर काय करायचं?

कंपन्या थोडा आवाज मर्यादेत धरतात, आणि त्याला तांत्रिक आधार आहे. पण आवाज कमी करणारे कपॅसिटर मिळतात, बोर्डाची मांडणी बदलून थरथर कमी करता येते. ते करायचं की पैसे वाचवायचे, हा कंपनीचा निर्णय असतो. त्यामुळे ‘नॉर्मल’ या शब्दावर गप्प बसायचं कारण नाही. एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप वेगवेगळे वाजतात, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत बदलून मागणं फायद्याचं ठरू शकतं. बदलून आलेलाही वाजू शकतो, ही तयारी मात्र ठेवा.

बदलून मिळायची मुदत विक्रेत्यागणिक वेगळी आणि बहुधा थोड्या दिवसांची असते. म्हणून नवा लॅपटॉप आणला की पहिल्याच रात्री, एकदा बॅटरीवर आणि एकदा चार्जरवर, बंद खोलीत कान देऊन ऐका. आवाज आला तर स्पेक्ट्रमची रेघ दिसेल असा व्हिडिओ काढा, आणि तक्रार तोंडी न करता ईमेलने करा. लॅपटॉप इन्व्हर्टरवर नव्हता, हे त्यात आवर्जून लिहा; सर्व्हिस सेंटरचा पहिला आक्षेप तोच असतो. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिथे बिल, ईमेल आणि तो व्हिडिओ लागेल, म्हणून यातलं काही पुसून टाकू नका.